साडेतेरा तास मागे

१

मंगळवारी आठ गिऱ्हाइकं आजारी पडली, त्यातल्या एका शिक्षिकेला दवाखान्यात सलाईन लावावं लागलं, आणि ज्या थंड खोलीतलं अन्न खाऊन हे सगळं झालं, ती खोली मात्र बुधवारी सकाळी तीन अंशांवर गुण्यागोविंदाने चालू होती.

मिस्त्रीणबाई दारावरच्या हिरव्या आकड्याकडे बघत उभ्या होत्या. हातात अवजारांची पिशवी, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. खानावळींचे, हॉटेलांचे, बेकऱ्यांचे फ्रीज आणि थंड खोल्या साफ करणं आणि चालत्या ठेवणं हा त्यांचा बावीस वर्षांचा धंदा. थोरल्या भावाच्या हाताखाली शिकल्या, कारण भाऊ अंगाने दांडगा होता आणि मशीनच्या मागच्या फटीत शिरायला कुणीतरी काटकुळं लागायचं. भावाने पुढे कंटाळून धंदा सोडला. या अजून फटीत शिरत होत्या.

"मला फक्त एक कागद लिहून द्या," खानावळीचे मालक म्हणाले. रात्रभर झोप नसल्यासारखे त्यांचे डोळे लाल होते. "मशीन ठीक आहे, आणि दार नीट लावलं नव्हतं म्हणून आतलं खराब झालं. उद्या आरोग्य खात्याचा माणूस येतोय. त्याला काहीतरी दाखवायला हवं."

"दार कुणी नीट लावलं नव्हतं?"

"किल्ली एकाकडेच असते."

भटारखान्याच्या दुसऱ्या टोकाला मुख्य आचारी सुऱ्या पुसत उभा होता. एकोणीस वर्षं या खानावळीत. दिवसभरात दहा शब्द बोलला तर भरपूर, म्हणून सगळे त्याला मौनी म्हणायचे. हाक मारताना मात्र मास्तर. आपल्याबद्दल चाललंय हे त्याला ऐकू येत होतं, पण त्याने मान वर केली नाही.

"दार उघडं राहिलं असेल तर तसं लिहून देईन," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. "आधी बघू तर द्या."

आत शिरून त्यांनी कोपरान् कोपरा पाहिला. दाराचं रबर खालच्या बाजूला थोडं फाटलं होतं. ते बघून मालक लगेच म्हणाले, "बघा, दार लागतच नसणार!" बाईंनी फाटलेल्या जागेत कागदाची पट्टी धरून दार लावलं आणि ओढून पाहिली. पट्टी निघाली नाही, फाटली. रबर अजून घट्ट बसत होतं.

मग त्या मागच्या बोळात गेल्या. थंड खोलीचं मशीन तिथे होतं. एका बाजूला भटारखान्याची भिंत, दुसऱ्या बाजूला मालकांचं राहतं घर. मशीन एखाद्या जुन्या ट्रकसारखं घरघरत होतं, इतकं की मालकांना ओरडून बोलावं लागलं. भिंतीवर टायमरची डबी होती. सोळा दिवसांपूर्वी तो टायमर बाईंनीच नवा बसवला होता आणि मनगटावरच्या घड्याळाशी मिनिटाला मिनिट जुळवला होता.

त्यांनी डबीचं झाकण उघडलं. मनगटावर सकाळचे अकरा वाजले होते.

टायमर रात्रीचे साडेनऊ दाखवत होता.

२

"बिघडला असेल," मालक म्हणाले.

"नवा आहे. आणि बघा, फिरतोय." तबकडी इतकी सावकाश सरकत होती की बराच वेळ टक लावल्यावरच कळत होतं. "मालक, हे बर्फ वितळवायचं घड्याळ. आतल्या कॉइलवर, म्हणजे थंड नळ्यांवर, हवेतला ओलावा गोठून बर्फ धरतो. दिवसातून चार वेळा हे घड्याळ थंडी थांबवतं, बर्फ वितळतो, पाणी खालच्या ताटात पडतं, नळीने बाहेर जातं. याला वीज मशीनच्याच तारेतून मिळते. मशीनची वीज गेली की हे जागच्या जागी थांबतं. वीज आली की जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालू."

"म्हणजे?"

"म्हणजे मी गेल्यापासून हे मशीन एकूण साडेतेरा तास बंद होतं."

मालकांना एकदम हुरूप आला. "वीज गेली असणार! मग त्यात कुणाचाच दोष नाही!"

बाई भटारखान्यात परत आल्या. भट्टीवर आकड्यांचं घड्याळ होतं. ते बरोबर अकरा वाजून चार मिनिटं दाखवत होतं. "वीज गेली की हे काय करतं?"

मालकांचा हुरूप ओसरला. "शून्यावर येतं. पुन्हा लावावं लागतं."

"शेवटचं कधी लावलं?"

"आईला दवाखान्यात नेलं त्याच्याही आधी. महिना झाला असेल."

"म्हणजे वीज कुठे गेली नव्हती. फक्त थंड खोलीची बंद झाली." बाईंनी पिशवीतून विजेरी काढली. "आणि दार उघडं राहिलं असतं ना, तर बाहेरची दमट हवा आत भरून कॉइलवर हा एवढा बर्फ साचला असता. तिथे तर पातळ थर आहे, कालपरवा धरलेला. उलट आधीचा सगळा बर्फ एकदम वितळून ताट भरून वाहिलंय. या, दाखवते."

थंड खोलीच्या कोपऱ्यात, जिथे फळीमागे पोछा पोचत नाही, तिथे जमिनीवर पाणी वाळल्याचे डाग होते. एकात एक अडकलेली बरीच लहान वर्तुळं आणि सगळ्यांना पोटात घेणारं एक मोठं, थेट भिंतीला भिडलेलं.

बाई उकिडव्या बसून ते डाग बघत राहिल्या. आता त्यांना कागदाबिगदाचं काही पडलं नव्हतं. त्यांच्या कपाळावर मधोमध एक आठी पडली होती. ती पडली की दुपारचं जेवण थंड होतं, हे घरच्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

"एकदा बंद झालेलं नाही हे," त्या म्हणाल्या. "बरेचदा थोडा थोडा वेळ, आणि एकदा खूप वेळ. आपोआप असं होत नाही. तुमच्या खानावळीत कुणीतरी हे मशीन हाताने बंद करतंय, मालक. आणि परत चालू करतंय."

३

दुसरा आचारी लगबग्या या नावाने ओळखला जायचा. चालतानाही धावल्यासारखा चालायचा आणि वाक्य संपायच्या आत पुढचं सुरू करायचा. बाईंनी काही विचारायच्या आधीच तो बोलू लागला.

"ताई, मी कुणाचं वाईट चिंतत नाही, पण खरं ते खरं. रविवारी रात्री मास्तरांनी उकडलेल्या कोंबडीचं पातेलं गरम गरम आत ठेवलं. वाफ येत होती वाफ! मी म्हटलं, मास्तर, निवू द्या. ऐकतात कुठे!"

"किती मोठं पातेलं?"

त्याने हातांनी दाखवलं. मोठं होतं.

"आणि दुसरं," त्याने आवाज उतरवला, "सोमवारी आपली सुट्टी. मी पलीकडच्या रस्त्यावरून चाललो होतो. मास्तर मागच्या दाराने बाहेर पडताना दिसले. सुट्टीच्या दिवशी! दुपारचे बारा वाजले असतील. बंद खानावळीत माणसाचं काय काम?"

"मास्तर गेले तर मुख्य आचारी कोण होणार?"

लगबग्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "ताई, मी कुणाचं वाईट..."

"कळलं."

गरम पातेल्याने खोली तापते, हे खरं. पण गरम पातेलं टायमर थांबवू शकत नाही. बाईंनी ते मनातल्या मनात बाजूला ठेवलं. सोमवार मात्र ठेवता येईना.

मालकांची बायको बोळाच्या टोकाशी कपडे वाळत घालत होती. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, पदर कमरेला खोचलेला. तिला सगळेच वहिनी म्हणत.

"बरं झालं तुम्ही आलात," ती म्हणाली. "त्या मशीनचं काहीतरी करा हो. आमच्या सासूबाईंची खोली भिंतीपलीकडेच आहे. परवाच्या नाही, त्याच्या आदल्या शनिवारी त्यांना दवाखान्यातून घरी आणलं. घशाचं मोठं ऑपरेशन झालंय. त्यांना शांतता हवी, आणि इथे दिवसभर हे! यांना सांगून सांगून थकले. म्हणतात, साफ करून घेतो, साफ करून घेतो."

बाईंना आठवलं. सोळा दिवसांपूर्वी टायमर बसवून झाल्यावर त्यांनी मशीनची जाळी साफ करायला घेतली होती, तेव्हा मालक दवाखान्यात जायच्या घाईत होते. "आता राहू द्या, पुढच्या वेळी बघू." त्याआधीही दोनदा असंच झालं होतं.

"वहिनी, तुम्ही कधी बंद केलं का हे मशीन? थोडा वेळ?"

"मी?" वहिनी दचकली. "अहो, बटण कुठेय तेही मला माहीत नाही."

ती खोटं बोलत असेल असं बाईंना वाटलं नाही. पण वाटण्यावर त्या फारसा भरवसा ठेवत नसत.

शेवटी त्या मौनीसमोर जाऊन बसल्या. तो कांदे चिरत होता, सगळे काप एका मापाचे.

"मास्तर, रविवारी पातेलं गरम ठेवलं होतं?"

त्याने नकारार्थी मान हलवली. "बर्फाच्या पाण्यात निववलं. मग ठेवलं."

"या दिवसांत आणखी काही वेगळं जाणवलं?"

त्याने हातातला कांदा पुरा चिरला. "दूध. आठवडाभर लवकर नासतंय. मालकांना सांगितलं. म्हणाले, दूधवाला वाईट देतो. काल सकाळी सगळंच नासलेलं निघालं. फेकलं. कोंबडीला वास नव्हता, म्हणून दुपारी वाढली." त्याची सुरी थांबली. "ती पण फेकायला हवी होती. तेवढी चूक माझी."

"आणि सोमवारी? तुम्ही आत होतात?"

"होतो."

"कशाला?"

मौनीने पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "ते मी सांगणार नाही," तो म्हणाला. "नोकरी गेली तरी."

४

ज्याला काही लपवायचं असतं तो 'नव्हतो' म्हणतो. हा 'होतो' म्हणाला. मिस्त्रीणबाईंना ते फार रुचलं, आणि त्यामुळे त्या अधिकच सावध झाल्या.

त्या भटारखान्यात एक फेरी मारून आल्या. सगळी भांडी शंभर माणसांच्या मापाची. परातीत लहान मूल झोपू शकेल, डाव म्हणजे जवळजवळ वल्हं. आणि या सगळ्यात, मौनीच्या स्वतःच्या फळीवर, स्वच्छ फडक्याखाली एक वाटीभराचं पातेलं आणि चहाच्या गाळणीपेक्षाही बारीक जाळीची गाळणी. दोन्ही आजच धुतलेली, अजून ओली.

शंभर माणसांच्या भटारखान्यात वाटीभर अन्न इतकं बारीक गाळून कुणासाठी?

त्या परत येऊन हळूच म्हणाल्या, "मास्तर, घशाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला गिळायला सोपं काहीतरी लागत असेल, नाही?"

मौनीच्या हातातला कांदा सुटला. त्याने आधी दाराकडे पाहिलं, वहिनी आसपास नाही ना म्हणून.

"वहिनी करून देतात," तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला. "जीव तोडून करतात. पण आजींच्या घशाखाली उतरत नाही. कण राहतात. आबांनी मला विचारलं, तू बघ काही जमतं का. मी करतो, आबा नेतात. वहिनींना कळलं तर मनाला लागेल त्यांच्या. म्हणून सोमवारीसुद्धा सकाळी आलो, करून दिलं, गेलो. मी निघालो तेव्हा मशीन चालू होतं. शपथेवर सांगतो."

आबा म्हणजे मालकांचे वडील. ही खानावळ त्यांनीच चाळीस वर्षांपूर्वी काढलेली. आता पाय साथ देत नव्हते, म्हणून मुलाने त्यांना भटारखान्यात यायची बंदी केली होती.

"आजी बोलतात का आता?"

"बोलतात. पण आवाज..." मौनीने अंगठा आणि तर्जनी जवळ आणून चिमूटभर फट दाखवली. "तोंडाशी कान न्यावा लागतो."

एवढं बोलून त्याचा आठवड्याचा कोटा संपला असावा. तो पुन्हा कांद्याकडे वळला.

बाई बोळात गेल्या. मशीनचं मुख्य बटण भिंतीवर खूप उंच, पाण्याचे शिंतोडे उडू नयेत म्हणून छताजवळ बसवलेलं. खानावळीतला सगळ्यात उंच माणूसही स्टुलाशिवाय तिथे पोचला नसता. त्यांनी स्टूल आणलं, वर चढल्या, विजेरी लावली.

पेटीवर तेलकट धुळीचा जाड थर होता. कुठेही बोटांचे ठसे नव्हते. फक्त बटणाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला एकेक गोल, रुपयाएवढी चकती पुसून स्वच्छ झालेली. आणि त्या चकतीत एकात एक अशा बारीक गोल रेघा उमटलेल्या.

त्यांनी झाडूचा दांडा बघितला, पोछ्याचा बघितला, मोठ्या डावाची दांडी बघितली. कुणाच्याच टोकाला तशा रेघा नव्हत्या.

त्या स्टुलावरच बसल्या आणि विचार करू लागल्या. ज्याला नुकसान करायचंय तो बंद करेल, पण परत चालू कशाला करेल? हा माणूस दर वेळी आठवणीने चालू करतोय. म्हणजे त्याला काही नासवायचं नाही. थंड खोलीचं दार उघडलं नाही तर तासाभरात फारसं बिघडत नाही, हे त्याला ठाऊक आहे. म्हणजे धंद्यातला माणूस. भटारखान्यात कुणी नसतं ती वेळ तो निवडतोय. आणि तो स्टुलावर चढू शकत नाही. साडेतेरा तासांचं कोडं तसं सरळ होतं. एकच गोष्ट कळत नव्हती: त्याला हवंय तरी काय?

दुपारी सव्वादोन वाजता शेवटचं गिऱ्हाईक उठलं. नोकरमाणसं पुढच्या खोलीत जेवायला बसली. बाईंनी मालकांना सांगितलं, "सुटा भाग आणायला जाऊन येते," पिशवी उचलून सगळ्यांच्या देखत पुढच्या दाराने बाहेर पडल्या आणि वळसा घालून मागच्या बाजूने बोळात शिरल्या. रिकाम्या क्रेटच्या ढिगामागे बसायला जागा होती.

मशीन घरघरत होतं. दोन अठ्ठावीसला घराच्या बाजूचं दार उघडलं. मग त्या घरघरीतूनही आवाज आला. ठक. थोडं थांबून पुन्हा, ठक.

काठी होती. तिच्या टोकाला रबराची टोपी होती.

५

आबांनी भिंतीला खांदा टेकवून तोल सावरला, काठी उलट्या हाताने वर नेली आणि पहिल्याच फटक्यात बटण खाली दाबलं. मशीन कण्हत कण्हत थांबलं. आबा आले तसे ठक ठक करत आत गेले.

बोळात अचानक इतकी शांतता झाली की बाईंना स्वतःचा श्वास ऐकू येऊ लागला. आणि मग भिंतीपलीकडून दुसरं काहीतरी. वाळलेलं पान जमिनीवरून घासत जावं तसा एक आवाज.

"...तेव्हा तुम्ही म्हणालात, छत्री मी धरतो. आणि धरलीत स्वतःच्याच डोक्यावर."

"मी?" आबांचा आवाज. "मी असं केलं?"

"पूर्ण रस्ताभर. मी भिजले. घरी आल्यावर म्हणता, तू कशी काय भिजलीस!"

मग आबांचं हसणं आणि त्या पानाचं बारीकसं खसखसणं. तेही हसणंच असावं.

मिस्त्रीणबाई क्रेटमागे बसून राहिल्या. खरं तर आत्ताच मालकांना बोलावून आणायला हवं होतं. त्यांनी बोलावलं नाही. दुसऱ्यांचं बोलणं चोरून ऐकल्याची लाज वाटत होती, आणि उठून जाववतही नव्हतं.

सव्वातीनला आबा बाहेर आले. काठी वर गेली, मशीन धडधडत सुरू झालं. वळले तर समोर बाई उभ्या.

आबा दचकले नाहीत. "मिस्त्रीणबाई ना तुम्ही? सापडलो म्हणायचं," ते ओरडून म्हणाले. "पाऊण तास बंद ठेवतो फक्त. चाळीस वर्षं धंदा केलाय, तेवढ्याने काही होत नाही. तिला दिवसातून तेवढाच वेळ बोलायची ताकद असते, आणि या राक्षसापुढे मला एक अक्षर ऐकू येत नाही. मुलाला दोनदा सांगितलं. तो म्हणतो, बाबा, मशीन बंद करून कसं चालेल?"

"आबा, सोमवारी किती वेळ बंद होतं?"

आबांनी नजर काठीच्या टोकाकडे वळवली.

"सहा तास, बरोबर? शनिवारपासून पाऊण-पाऊण तासाचे दहा दिवस म्हणजे साडेसात, आणि टायमर सकाळी साडेतेरा मागे होता."

"त्या दिवशी ती फार बोलली," ते म्हणाले. आवाज उतरला होता. बाईंना ओठांकडे बघून समजून घ्यावं लागलं. "आल्यापासून पहिल्यांदाच. बोलता बोलता झोप लागली तिला. माझा हात धरून. दवाखान्यातून आल्यापासून ती अशी गाढ झोपलीच नव्हती हो. मी उठलो असतो तर जाग आली असती. म्हटलं, आज सुट्टी आहे, भटारखान्यात कोण आहे? साडेआठला उठली, तेव्हा मी येऊन चालू केलं." त्यांनी बाईंकडे निरखून पाहिलं. "का? काही बिघडलं का?"

घरात कुणीच त्यांना काही सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला त्रास नको म्हणून.

बाईंनी सांगितलं. आठ माणसं. शिक्षिका. मौनीवर आलेला आळ. सांगताना त्यांना दगड उचलून कुणाच्या तरी हातात देतोय असं वाटत होतं.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. काठीवरची पकड दोनदा सैल झाली, दोनदा घट्ट झाली. मग ते वळले, पण घराकडे नाही. ज्या भटारखान्यात जायची त्यांना बंदी होती, तिकडे निघाले.

६

"मशीन मी बंद केलं. रोज दुपारी पाऊण तास, सोमवारी सहा तास," आबा दारात उभे राहून म्हणाले. कामातले हात थांबले. "मास्तरांचा काही दोष नाही. तो कागदबिगद लिहायचा तर माझ्या नावाने लिहा. आणि त्या शिक्षिकाबाईंकडे मला घेऊन चला, मी त्यांची माफी मागतो."

मालक उठून उभे राहिले. लगबग्या, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, जागच्या जागी थांबला.

"पण बाबा, दररोज पाऊण तासच तर..." मालक शेवटी बाईंकडे वळले. "तेवढ्याने दूध कसं नासेल?"

"नासायला नको होतं," बाई म्हणाल्या. "साफ मशीन असतं तर वीस मिनिटांत खोली परत थंड झाली असती. याला दोन-अडीच तास लागत असणार. चला, का ते दाखवते."

त्यांनी मशीन बंद केलं, पुढचं पत्र्याचं झाकण काढलं. मशीन ज्या जाळीतून गरमी बाहेर टाकतं तिच्यावर तेल, धूळ आणि कपड्यांच्या धाग्यांची गोधडी बसली होती. बाईंनी कडेला नख घालून ओढलं तर ती अख्खी एका तुकड्यात सोलून आली.

"हे नाकावर बांधून धावतंय बिचारं. म्हणून थंड व्हायला वेळ लागतो, आणि म्हणूनच हा आवाज. आवाज नसता तर आबांनी बंद केलं नसतं. तीनदा मी म्हणाले होते, मालक."

मालकांनी ती गोधडी हातात घेतली.

"कागदावर काय लिहिणार?" त्यांनी विचारलं.

"जे झालं ते. मशीन बंद होतं, किती वेळ, आणि का. आणि शेवटचं साफ कधी झालं, तेही."

मालकांनी मान डोलावली. "लिहा."

मग बाई कामाला लागल्या. आधी कोरडा ब्रश, पट्ट्यांच्या दिशेने वरून खाली, कारण आडवा मारला तर त्या पातळ पट्ट्या मुडपतात. मग साबणाचं पाणी, मग साधं पाणी, हलक्या हाताने. मुडपलेल्या पट्ट्या त्यांनी कंगव्यासारख्या अवजाराने एकेक सरळ केल्या. पंख्याचं एक पातं वाकून जाळीला घासत होतं, ते सरळ केलं. मशीन ज्या लोखंडी चौकटीवर होतं तिचे दोन बोल्ट ढिले होऊन थरथरत होते, ते आवळून खाली रबराच्या जाड गाद्या सरकवल्या. पाण्याच्या नळीतला गाळ काढला. दाराचं रबर बदललं. मौनी न सांगता बादल्या भरून आणत होता. सगळं होईतो साडेपाच वाजले.

आबा आत जाऊन बायकोच्या उशाशी बसले. दोन्ही दारं उघडी ठेवली. मालक आणि वहिनी बोळात उभे. बाई स्टुलावर चढल्या आणि बटण वर केलं.

मशीन सुरू झालं. पण सुरू झालं हे कळायला सगळ्यांना एक क्षण लागला. दूरवर कुणीतरी शिट्टीशिवाय नुसतं फुंकतंय, एवढाच काय तो आवाज.

"ऐकू येतंय का आबा?" बाईंनी विचारलं.

आतून उत्तर आबांनी दिलं नाही. "बाहेर कोण कोण आहे?" ते वाळलेलं पान म्हणालं. "आत या सगळे. मास्तरांनाही आणा."

सगळे खाटेभोवती जमले. आजी उशांना टेकून बसल्या होत्या. गळ्याला पट्टी, हात काडीसारखे, पण नजर खणखणीत. मशीन बंद होतं तेव्हा भिंतीतून बरंच काही त्यांच्याही कानावर आलं असावं. त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचा हात थोपटला. मग मुलाकडे बोट केलं.

"मास्तरांवर तू आळ घेतलास?"

मालकांनी मान खाली घातली.

"आता त्यांची माफी मागणार आहेस?"

मालकांनी होकारार्थी मान हलवली. दवाखान्यातून आल्यापासून घरातलं प्रत्येक जण त्यांच्याशी असंच बोलायचं, खुणांनी, माना हलवून, त्यांच्या आवाजाबरोबर कानही गेल्यासारखं.

"मान हलवू नकोस," आजी म्हणाल्या. "तोंडाने बोल. मला सगळं ऐकू येतं."

मालक मौनीकडे वळले. आणि मग ते बोलले, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं.